आधी कळावा, मग घ्यावा

परदेशातून वस्तू मागवणे ही आता मोजक्या व्यापाऱ्यांची मिरास राहिलेली नाही. नाशिकचा विद्यार्थी दुर्बिणीचे भिंग मागवतो, इचलकरंजीचा कारखानदार बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग मागवतो, पुण्यातली संशोधक इथे न मिळणारे पुस्तक मागवते आणि दुर्धर आजार झालेल्या माणसाचे नातलग औषध मागवतात. संकेतस्थळावर किंमत दिसते, कार्डाने पैसे जातात. मग ती वस्तू सहारच्या कार्गो संकुलात किंवा बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात येऊन थांबते. काही दिवसांनी पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात येतो आणि एक रक्कम सांगतो. ती कशी निघाली हे त्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. देणारा निमूट पैसे देतो किंवा वैतागून पार्सल परत पाठवतो. कर किती आणि का, हे दोन्ही वेळा न कळलेलेच राहते.

हे पुस्तक त्या रकमेबद्दल आहे. सीमाशुल्क असावे की नसावे, या वादात ते उतरत नाही. स्वतंत्र देशाला आपल्या वेशीवर कर बसवण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार आपण लढून मिळवलेला आहे. पण राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाने सांगून ठेवले आहे की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. कायद्याचा आधार म्हणजे केवळ राजपत्रातली छपाई नव्हे. ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत, त्याला तो कर वस्तू मागवण्याआधी समजला पाहिजे आणि स्वतः मोजता आला पाहिजे. दर चढा असो की उतरता, ही अट पाळली तरच तो कर न्याय्य म्हणता येईल. या पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण याच आग्रहातून लिहिले आहे.

प्रथम हिशेबच पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात. समजा, वस्तूची किंमत ८,४०० रुपये, विमानाने आणण्याचे भाडे १,५०० रुपये आणि विमा १०० रुपये. कर ८,४०० रुपयांवर लागत नाही. तो लागतो भाडे आणि विमा धरून झालेल्या १०,००० रुपयांवर. मूळ सीमाशुल्काचा दर १० टक्के असेल तर १,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे आणखी १००. आता बेरीज ११,१०० झाली. या बेरजेवर एकात्मिक जीएसटी, १८ टक्के धरला तर १,९९८ रुपये. एकूण कर ३,०९८ रुपये. मागवणाऱ्याने दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस टक्के असा अंदाज बांधलेला असतो. प्रत्यक्षात त्याने पाहिलेल्या किमतीच्या सुमारे सदतीस टक्के भरावे लागतात. यात कुणी फसवलेले नाही. भाड्यावरही शुल्क आहे आणि शुल्कावरही जीएसटी आहे, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते.

याशिवाय चौथी रक्कम असते, आणि ती कर नसतेच. कुरिअर कंपनी ग्राहकाच्या वतीने कागद दाखल करते, शुल्क आधी स्वतः भरते आणि त्या सेवेचा आकार लावते. बिलावर तो आकार सरकारी शुल्काशेजारीच छापलेला असल्याने लोक दोन्हींना मिळून ‘कस्टम’ म्हणतात. सरकारला गेलेला पैसा कोणता आणि कंपनीला गेलेला कोणता, हे ज्याला वेगळे करता येते तोच योग्य ठिकाणी तक्रार करू शकतो. सरकारला गेलेल्या पैशाच्याही वाटा निराळ्या आहेत. एकात्मिक जीएसटीचा वाटा वस्तू जिथे वापरली जाते त्या राज्याकडे येतो. अधिभार मात्र राज्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या निधीत धरला जात नाही, तो केंद्राकडेच राहतो. म्हणून दोन करांची बेरीज तेवढीच राहिली, तरी त्यांची विभागणी बदलली की महाराष्ट्राच्या तिजोरीत फरक पडतो.

या कराचे मूळ फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे, बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीच्या पाचव्या हिश्शाचा सर्वसाधारण दर आहे, आणि लोकांच्या फार उपयोगाचा माल व दुर्मिळ बियाणे करमुक्त आत येऊ द्यावे अशी सूचनाही आहे. कर आणि माफी यांचा एकत्र विचार तेव्हाच सुरू झाला होता. आपल्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे चढणाऱ्या व्यापाराची आठवण लोकांनी त्याच्याशी जोडून ठेवली आहे.

मराठी मुलुखाच्या दृष्टीने महत्त्वाचा दाखला १६७१ सालचा आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पडू लागले. व्यापारी तिकडे वळले तर स्वराज्यातल्या मिठागरांचा धंदा बसणार, हे शिवाजी महाराजांनी ओळखले आणि कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले. ते मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, हा त्यामागचा स्पष्ट हिशेब होता. तिजोरी भरण्यासाठी बसवलेला कर आणि घरच्या उत्पादकाला वाचवण्यासाठी बसवलेला कर यांतला फरक त्या एका पत्रात दिसतो. त्या आदेशात कारण सांगितले आहे, किती महाग व्हायला हवे तेही सांगितले आहे. चांगल्या करआदेशाला याहून अधिक काय लागते?

पुढे हा अधिकार परक्यांच्या हाती गेला तेव्हा काय झाले, हे मुंबईच्या गिरण्यांनी अनुभवले. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरचे आयात शुल्क काढून टाकले. १८९४ मध्ये पैशाच्या तंगीपायी ते पुन्हा बसवावे लागले, तेव्हा लँकेशायरचे गिरणीमालक खवळले. १८९६ मध्ये तोड निघाली ती अशी की विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क आणि तेवढाच कर इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर. म्हणजे वेशीवर जे संरक्षण मिळायचे, ते घरातल्या गिरणीवर तेवढेच ओझे टाकून पुसून टाकले. महाराष्ट्रात याविरुद्ध रान उठले, लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने तो प्रश्न लावून धरला आणि विलायती कापडावर बहिष्काराची हाक आली. बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीच्या सुमारे दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तो अन्यायी कर थांबायला १९२५ साल उजाडावे लागले.

गोव्याची कहाणी याच काळातली. १८७८ च्या तहाने ब्रिटिश आणि पोर्तुगीज मुलखांतली सीमाशुल्काची भिंत काढली, पण त्या बदल्यात गोव्याच्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि मीठ पिकवणाऱ्यांचे हाल झाले. १८९२ मध्ये तह संपला, भिंत परत उभी राहिली, ती १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत टिकली, आणि कुळे व कॅसलरॉक ही रेल्वे स्थानके सामान उघडून दाखवण्याची ठिकाणे झाली. सीमा म्हणजे नकाशावरची रेघ असे आपण समजतो. ती ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिथे बसलेला माणूस आणि त्याच्या हातातली दरांची यादी हीच सीमा असते.

स्वातंत्र्यानंतर आपणच आपले दर ठरवू लागलो. १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि १९७५ चा शुल्क दर कायदा या दोन पायांवर आजची व्यवस्था उभी आहे. त्या दशकांत परकीय चलन तुटपुंजे होते आणि देशात कारखाने उभे राहावेत ही तळमळ खरी होती. पण दर वाढत वाढत गेले आणि काही वस्तूंवर ते ३०० टक्क्यांच्याही पुढे पोहोचले. सोन्यावर सुवर्ण नियंत्रण आले. ज्या वस्तूला बंदरातून रीतसर येणे परवडत नाही, ती रात्री खाडीतून येते. घड्याळे, कापड, सोने, चांदी यांची तस्करी मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर वाढली, तिच्यावर टोळ्या पोसल्या गेल्या आणि खात्यातली काही माणसे त्यांना सामील झाली. १९९३ मध्ये मुंबईत स्फोट घडवणारी स्फोटके रायगडातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर उतरली, आणि त्या खटल्यात सीमाशुल्क खात्यातले अधिकारीही दोषी ठरले. तस्करीने आधीच मळवून ठेवलेल्या वाटा त्या रात्री वापरल्या गेल्या. अवास्तव कराची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही, हे महाराष्ट्राने रक्त सांडून शिकलेले आहे.

१९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल दर १५० टक्क्यांवर आला आणि टप्प्याटप्प्याने उतरत २००७-०८ मध्ये बिगरशेती वस्तूंसाठी तो १० टक्क्यांवर आला. त्यानंतर काही वस्तूंवर दर पुन्हा चढवले गेले. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले तेव्हा जळगावच्या पेढ्यांत त्याची चर्चा झाली. शेतीमालाच्या बाबतीत तर हा कर म्हणजे गावागावांतला प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर सगळे मिळून ११ टक्के शुल्क बसले, ते ऑगस्ट २०२५ मध्ये काही काळापुरते उठवले गेले आणि ती मुदत वर्षअखेरीपर्यंत वाढवली गेली. स्वस्त कापूस मिळाल्याने सूतगिरणीला हायसे वाटले, पण यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस तेव्हा शेतात उभा होता. दोघेही आपलेच. कुणाला किती झळ लागावी हा राजकीय निर्णय आहे आणि तो सरकारनेच घ्यायचा आहे. पण शेतकरी जूनमध्ये पेरतो. त्याने पेरणी केली तेव्हाचा दर वेचणीच्या वेळी राहणार नसेल, तर त्याने हिशेब कशावर बांधायचा? कर आधी कळावा, हा आग्रह फक्त पार्सल मागवणाऱ्या शहरी ग्राहकाचा नाही.

मग तो कळत का नाही? पहिली अडचण वर्गीकरणाची. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९८८ पासून जगातल्या सगळ्या मालासाठी एक सामाईक सांकेतिक यादी लागू केली आहे. तिच्यात सहा आकडे असतात, भारत त्यात आणखी दोन जोडून आठ करतो. वस्तू कोणत्या आकड्याखाली बसते यावर दर ठरतो. मोटारीचे सुटे भाग आणि सुट्या भागांच्या रूपात आणलेली अख्खी मोटार यांच्या दरांत मोठे अंतर आहे, आणि याच प्रश्नावरचे दावे मुंबई उच्च न्यायालयात गेले आहेत. मोठ्या कंपन्यांचे वकील जिथे भांडतात, तिथे घरगुती ग्राहकाने ‘इतर’ या शब्दाखाली आपली वस्तू शोधायची असते.

दुसरी अडचण अधिसूचनांची. कायद्यात लिहिलेला दर एक आणि कलम २५ खाली काढलेल्या माफीनंतरचा खरा दर दुसरा, असे बहुतेक वस्तूंचे असते. ती माफी अटींसह असते, मुदतीची असते आणि रातोरात बदलू शकते. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने परदेशी छापील पुस्तकांवर ५ टक्के शुल्क बसवले. त्याच वर्षी डिसेंबरात परदेशातून टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. भेटीच्या नावाखाली व्यापारी माल येत होता, हे कारण खरे होते. पण आजही अनेक घरांत ‘गिफ्ट लिहून पाठव, कर लागत नाही’ असे परदेशातल्या मुलांना सांगितले जाते. सहा वर्षे उलटूनही नियम घराघरांत पोहोचत नसेल, तर उणीव केवळ घरच्यांची नाही.

तिसरी अडचण काळाबरोबर न हललेल्या आकड्यांची. २०१६ च्या बॅगेज नियमांत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिन्यांची सवलत होती, पण अनुक्रमे ५०,००० आणि एक लाख रुपयांच्या किमतीपर्यंतच. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोने लाखाच्या पुढे गेले तेव्हा त्या वीस ग्रॅमचे पाच ग्रॅमही उरले नव्हते. नियम वाचून दागिना अंगावर घालणारी बाई विमानतळावर गुन्हेगारासारखी उभी राहत असेल, तर तो नियम वाचनीय असूनही खरा नव्हता.

औषधांच्या बाबतीत मात्र या व्यवस्थेने एक चांगले वळण घेतले आहे, आणि ते मनापासून सांगावेसे वाटते. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे इंजेक्शन परदेशातून आणायचे होते. लोकांनी वर्गणी जमवली, पत्रे गेली आणि केंद्राने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. सगळ्यांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण ज्या बाळाची बातमी झाली नाही त्याचे काय, हा प्रश्न उरला. १ एप्रिल २०२३ पासून दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या सर्व आजारांवरची औषधे, रुग्णाने स्वतःसाठी मागवल्यास, मूळ सीमाशुल्कातून मुक्त झाली. ठरलेले प्रमाणपत्र द्यायचे आणि सवलत घ्यायची. पत्रावर मिळालेली माफी ही कृपा असते, नियमावर मिळालेली माफी हा हक्क असतो. करव्यवस्था याच दिशेने जायला हवी.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला कराची हीच अस्पष्टता २०२५ मध्ये उलट्या बाजूने भोगावी लागली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सले करमुक्त आत येत. ती सवलत २९ ऑगस्टपासून सर्व देशांसाठी बंद झाली. कर कुणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. दिवाळी अवघ्या पाच-सहा दिवसांवर आली होती. चकल्या-लाडवांचे डबे दरवर्षी याच हंगामात पुण्या-मुंबईहून निघतात. न्यू जर्सीतल्या मुलीला फराळ धाडणाऱ्या आईचा व्यापारयुद्धाशी काही संबंध नव्हता, तरी त्याची झळ तिच्या डब्याला लागली. अस्पष्ट कर कोणत्या देशाचा आहे याने फरक पडत नाही, तो नेहमी सर्वांत लहान माणसाला आधी अडवतो.

या अस्पष्टतेवर आता चोरही जगू लागले आहेत. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, आत बेकायदा माल सापडला आहे, अटक टाळायची तर एवढे पैसे या खात्यात भरा,’ असे फोन येतात आणि शिकलेली, निवृत्त, सावध माणसे आयुष्याची पुंजी घालवून बसतात. सीमाशुल्क खाते कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगत नाही आणि फोनवर अटकही करत नाही. खात्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एवढी माहिती घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यापर्यंत गेली, तरी पुस्तकाच्या या एका प्रकरणाचे सार्थक होईल. लोक फसतात याचे एक कारण भीती आहे, पण दुसरे कारण खरा कर कसा मागितला जातो हेच त्यांनी कधी पाहिलेले नसते, हे आहे.

पुस्तकाची रचना वाचकाच्या गरजेनुसार केली आहे. पहिल्या भागात टपालाने, कुरिअरने आणि सोबतच्या सामानातून येणाऱ्या वस्तूंचा प्रवास आणि त्यांच्या कराचा हिशेब उदाहरणे देऊन सोडवला आहे. दुसरा भाग लहान कारखानदार आणि कारागिरांसाठी आहे. सांकेतिक क्रमांक कसा शोधावा, बिल ऑफ एंट्री हा आयातीचा कागद कसा वाचावा, क्लिअरिंग एजंटला कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यात आहे. तिसरा भाग हक्कांचा. चुकीच्या आकारणीविरुद्ध साठ दिवसांत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते. न वापरता परत पाठवलेल्या वस्तूवर भरलेल्या शुल्कापैकी ९८ टक्क्यांपर्यंत परतावा कलम ७४ खाली मागता येतो, मात्र वस्तू तीच आहे हे सिद्ध करणारे कागद जपलेले हवेत. दर बदलत राहतील, म्हणून दरांची कोष्टके देण्यापेक्षा ते कुठे आणि कसे पाहायचे हे शिकवण्यावर भर दिला आहे.

खात्यात प्रामाणिकपणे काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. गोदामात रोज येणाऱ्या पार्सलांच्या ढिगासमोर उभे राहून, अपुऱ्या वर्णनावरून वस्तू ओळखण्याचे काम सोपे नाही. माहितगार नागरिक समोर आला तर त्यांचेही काम हलके होते. वस्तूचे खरे वर्णन, खरी किंमत आणि योग्य कागद देणारा ग्राहक हा खात्याचा विरोधक नसून सोबती आहे.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कराची रक्कम सांगितली गेली की पैसे देण्याआधी आकारणीचा कागद मागा, आकडे स्वतः जुळवून पाहा, आणि जुळत नसतील तर लेखी विचारा. आणि सरकारला मागणी आहे की प्रत्येक घरगुती पार्सलासोबत त्या कराचा पूर्ण हिशेब ग्राहकाच्या भाषेत, मराठीत, छापून द्यावा. ज्याला पैसे मोजावे लागतात, त्याला मोजणी कळण्याचा हक्क आहे. तो मिळेपर्यंत आपण तो मागत राहिले पाहिजे.